परत आणणाऱ्यांचे युद्ध

हेलिकॉप्टर म्हटले की आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर प्रथम पुढारी उभा राहतो. निवडणुकीचे दिवस, गावाबाहेरच्या माळावर फक्कीने आखलेले वर्तुळ, टँकरने पाणी मारूनही उडणारा फुफाटा, टोप्या सांभाळत मागे सरकणारे कार्यकर्ते आणि भाषणापेक्षा हेलिकॉप्टर पाहायलाच जमलेली पोरेबाळे. पुढारी उतरतो, हार पडतात, गाड्यांचा ताफा सभेकडे निघून जातो. पुढच्या काचेआड बसलेल्या माणसाकडे मात्र कुणी पाहत नाही. सभा लांबली तर तो एखाद्या बाभळीची सावली पाहून उभा राहतो आणि एकदा घड्याळाकडे, एकदा मावळतीकडे बघत राहतो. कारण अंधार पडायच्या आत त्याला परतायचे असते.

या खासगी हेलिकॉप्टरांचे वैमानिक पुष्कळदा सैन्यदलांतून निवृत्त झालेले असतात. माढ्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या माळावर पुढाऱ्याला अलगद उतरवणाऱ्या याच हातांनी एके काळी बर्फात, नाहीतर गोळीबारात यंत्र उतरवून एखादा जखमी जवान उचलून आणलेला असणे अगदी शक्य असते. आपल्याला ते ठाऊक नसते आणि तोही सांगत नाही. हेलिकॉप्टरच्या लष्करी वैमानिकाचे एक तरी नाव पटकन सांगा, असे मी मध्यंतरी चार-पाच जाणत्या मित्रांना विचारले. लढाऊ विमानांच्या वैमानिकांची नावे सगळ्यांना येत होती. हेलिकॉप्टरवाल्यांपैकी एकच नाव निघाले, गुंजन सक्सेना यांचे; तेही चित्रपट पाहिला होता म्हणून.

यात मित्रांचा दोष नाही. युद्धाचा जमाखर्च आपण पाडलेल्या विमानांत, फोडलेल्या रणगाड्यांत आणि काबीज केलेल्या ठाण्यांत मांडतो. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाचे काम या कुठल्याच रकान्यात बसत नाही. तो माणसे नेतो आणि माणसे परत आणतो. एकोणीसशे एकाहत्तरच्या डिसेंबरात मी प्राथमिक शाळेत होतो. शेजारच्या काकांच्या रेडिओवर बातम्या ऐकायच्या आणि शत्रूची आज किती विमाने पडली तो आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहायचा, हा आम्हा पोरांचा रोजचा उद्योग होता. किती माणसे नदीपलीकडे पोहोचली आणि किती जखमी परत आले, याचा रकाना आमच्या वहीत नव्हता. तो मोठ्यांच्या वहीतही नव्हता, हे पुढे बऱ्याच वर्षांनी लक्षात आले.

नऊ डिसेंबर

सोलापूरला ९ डिसेंबर ही तारीख वेगळ्या कारणाने माहीत आहे. १९४२ साली याच दिवशी आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये गेले. तेव्हा त्यांचे वय अवघे बत्तीस वर्षांचे होते. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यातले ते एक. जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चिनी सैनिकांवर त्यांनी आघाडीच्या जवळ राहून उपचार केले. एका लढाईच्या वेळी ते सलग ७२ तास शस्त्रक्रिया करत होते. भैय्या चौकाजवळचे त्यांचे घर आता स्मारक झाले आहे. ते पाहताना मला नेहमी एक प्रश्न पडतो. या डॉक्टरांपर्यंत जे जखमी पोहोचले त्यांच्यावर त्यांनी हात चालवला. पण जे पोहोचलेच नाहीत त्यांचे काय? त्या काळी जखमी सैनिक यायचा तो माणसांच्या खांद्यावरून, नाहीतर खेचराच्या पाठीवरून, डोंगरवाटा तुडवत. सर्जन कितीही निष्णात असला तरी त्याच्या टेबलापर्यंतचा रस्ता त्याच्या हातात नसतो.

तो रस्ता हवेतून काढण्याचा पहिला प्रयोग कोटणीसांच्या मृत्यूनंतर सव्वा वर्षाने, शेजारच्या ब्रह्मदेशात झाला. एप्रिल १९४४ मध्ये जपानी आघाडीच्या मागे एक छोटे विमान कोसळले. त्यात अमेरिकन वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक होते. कार्टर हार्मन नावाचा अमेरिकन लेफ्टनंट सिकोर्स्की कंपनीचे हेलिकॉप्टर घेऊन तिकडे गेला. ते यंत्र इतके अशक्त होते की वैमानिकाखेरीज एकाच माणसाला उचलू शके. इंजिन तापून बंद पडायचे. हार्मनने दोन दिवसांत चार फेऱ्या केल्या आणि चौघांनाही एकेक करून बाहेर काढले. युद्धात हेलिकॉप्टरने माणसे सोडवून आणल्याची ही पहिली नोंद मानली जाते. या यंत्राने युद्धात पाऊल टाकले ते कुणाला मारायला नव्हे, तर आणायला, हे विसरू नये.

आपल्या हवाई दलात पहिले हेलिकॉप्टर १९५४ साली आले. आठ वर्षांनी चीनशी युद्ध पेटले, तेव्हा डोंगराळ ईशान्येत रस्तेच नसल्याने हेलिकॉप्टरांवर मोठा भार पडला. २० ऑक्टोबर १९६२ च्या सकाळी स्क्वाड्रन लीडर व्ही. के. सहगल आपले लहानसे बेल हेलिकॉप्टर घेऊन नामका चू खोऱ्यावरच्या त्सांगधार येथे उतरले. रात्रीतून परिस्थिती पालटली होती आणि ती जागा चिनी सैन्याच्या माऱ्यात सापडली होती. सहगल परतले नाहीत. हेलिकॉप्टरवाल्याच्या नशिबातली एक गोष्ट तेव्हाच स्पष्ट झाली. लढाऊ वैमानिक शत्रूवर झडप घालून वर निघून जातो. याला मात्र जमिनीवर उतरावे लागते. तिथे कोण उभे आहे, हे उतरल्यावरच कळते.

आणि मग उजाडला १९७१ चा ९ डिसेंबर. लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांचे चौथे कोअर त्रिपुरेच्या बाजूने पूर्व पाकिस्तानात घुसून मेघना नदीपर्यंत पोहोचले होते. पलीकडे ढाका. मधली मेघना म्हणजे आपली भीमा किंवा सीना नव्हे. काही ठिकाणी तिचे पात्र काही किलोमीटर रुंद आहे. आशुगंज येथे रेल्वेचा एक मोठा पूल होता. माघार घेणाऱ्या पाकिस्तानी सैन्याने तो उडवून दिला आणि पलीकडे भैरव बाजारला ठाण मांडले. भारतीय सैन्य आता नदीकाठी अडकणार, असाच त्यांचा हिशेब असावा. पुस्तकी नियमाने तो बरोबरही होता.

सगत सिंग यांच्या दिमतीला हवाई दलाची डझनभर एमआय-४ हेलिकॉप्टरे होती. ही रशियन बनावटीची यंत्रे आज कुणी पाहिली तर हसेल. इंजिन नाकात, वैमानिक त्याच्या डोक्यावर बसल्यासारखा उंच आणि जवान खाली मागच्या पोटात. आपल्या पाठीमागे, पायांखाली काय चालले आहे हे वैमानिकाला दिसतही नसे. जोरहाट तळाचे प्रमुख ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्याकडे या कामगिरीची सूत्रे होती. ९ डिसेंबरच्या दुपारी ब्राह्मणबाडियाहून पहिली हेलिकॉप्टरे उडाली आणि नदी ओलांडून रायपुराजवळ उतरली. ४ गार्ड्‌स बटालियनचे जवान पहिल्यांदा पलीकडे गेले, मागोमाग ३११ ब्रिगेड. एरवी ज्या यंत्रात चौदा जवान बसायचे त्यात तेवीसपर्यंत बसवले. दिवस मावळला तरी फेऱ्या थांबल्या नाहीत. रात्री उतरण्याची जागा दाखवायला खाली ओळीने विजेऱ्या लावल्या होत्या. छत्तीस तासांत शंभरावर फेऱ्या झाल्या. त्यानंतर नरसिंगदीकडे झेप घेतली गेली आणि ढाक्याचा रस्ता मोकळा झाला. पूल पाण्यात पडला होता. हवेतून दुसरा बांधला गेला. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सही झाली.

त्याच्या दोनच दिवस आधी, ७ डिसेंबरला, याच हेलिकॉप्टरांनी सिल्हेटजवळ गोरखा पलटण उतरवली होती. तिथे पाकिस्तानी सैन्य फारसे उरलेले नाही, अशी खबर होती. प्रत्यक्षात ते मोठ्या संख्येने होते आणि हेलिकॉप्टरे उतरताना त्यांच्यावर गोळीबार झाला. एकदा माणसे उतरवली म्हणजे काम संपले असे हेलिकॉप्टरवाल्याला म्हणता येत नाही. ज्यांना त्या आगीत सोडले त्यांना दारूगोळा पोहोचवायला आणि त्यांचे जखमी आणायला पुन्हा तिथेच जावे लागते. पहिल्या फेरीला अज्ञानाचे कवच असते; दुसऱ्या फेरीला तेही नसते. चंदन सिंग यांच्या हेलिकॉप्टरलाही गोळ्या लागल्या, तरी ते जातच राहिले. त्यांना महावीर चक्र मिळाले, पुढे ते एअर व्हाइस मार्शल झाले आणि २०२० साली त्यांचे निधन झाले. ती बातमी आपल्यापैकी किती जणांच्या वाचनात आली?

खोट्या प्रशस्तिपत्राची गोष्ट

हेलिकॉप्टरचे युद्ध असे ज्याला खरोखर म्हणता येईल ते व्हिएतनामचे. अमेरिकेने तिथे सुमारे बारा हजार हेलिकॉप्टरे वापरली आणि त्यांतली पाच हजारांवर गमावली. वैमानिक बहुतेक विशी-बाविशीतले. जखमी झालेला सैनिक तासाभरात शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचू लागला, तो त्यांच्यामुळे. १ जुलै १९६४ रोजी मेजर चार्ल्स केली नावाचा वैमानिक जखमींना उचलायला खाली उतरत होता. मारा फार आहे, निघून जा, असे जमिनीवरून त्याला सांगितले गेले. जखमी हाती आले की निघतो, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले आणि पुढच्या काही क्षणांत तो मारला गेला. त्याचे ते उत्तर नंतर त्या दलाचे ब्रीद होऊन बसले.

पण मला अधिक बोलकी वाटते ती ह्यू थॉम्पसनची हकिगत. १६ मार्च १९६८ रोजी माय लाय या खेड्यावर तो टेहळणी करत होता. ग्लेन अँड्रिओटा आणि लॉरेन्स कोलबर्न हे दोघे साथीदार बरोबर होते. खाली अमेरिकन सैनिक निःशस्त्र बायका-मुलांना, म्हाताऱ्यांना मारत असल्याचे त्यांना वरून दिसले. थॉम्पसनने आपले हेलिकॉप्टर त्या सैनिकांच्या आणि पळणाऱ्या गावकऱ्यांच्या मधोमध उतरवले. आपलेच सैनिक गोळ्या झाडू लागले तर त्यांच्यावर बंदूक चालवा, असे साथीदारांना बजावून तो खाली उतरला आणि त्या गावकऱ्यांना दुसऱ्या हेलिकॉप्टरांत घालून त्याने बाहेर काढले. नंतर प्रेतांनी भरलेल्या खंदकातून एक जिवंत मूलही त्यांनी उचलून नेले. त्या दिवशी माय लायमध्ये मेलेल्यांची संख्या पाचशेच्या आसपास होती.

आता पुढचे पाहा. थॉम्पसनला शौर्यपदक मिळाले, पण प्रशस्तिपत्रात लिहिले होते की दोन्ही बाजूंच्या गोळीबारात सापडलेल्या मुलाला त्याने वाचवले. दोन बाजू नव्हत्याच. गोळीबार एकाच बाजूचा होता. थॉम्पसनने ते पदक फेकून दिले. अँड्रिओटा तीनच आठवड्यांत लढाईत मारला गेला. हत्याकांड उघडकीस आल्यावर थॉम्पसनने साक्ष दिली, तेव्हा अमेरिकन काँग्रेसच्या संरक्षणविषयक समितीचे अध्यक्ष त्याच्यावरच उलटले. आपल्या सैनिकांवर बंदुका रोखणारा हाच खरा गुन्हेगार, अशी भाषा झाली. घरी धमक्यांचे फोन आले, दारात मेलेली जनावरे टाकली गेली. खरे पदक मिळाले ते ६ मार्च १९९८ रोजी, तीस वर्षांनी. २००६ च्या जानेवारीत वयाच्या बासष्टाव्या वर्षी तो वारला.

ही परदेशी कथा इथे सांगण्याचे कारण आहे. युद्ध संपल्यावर सैनिकाला काय द्यायचे, याचा विचार आपण पेन्शन, जमीन, पेट्रोलपंप यांपाशी थांबवतो. ते द्यायलाच हवे. पण त्याच्या कामाची खरी नोंद हेही त्याचे देणे असते. थॉम्पसनला पदक मिळाले होते, खरी नोंद मिळाली नव्हती. म्हणून त्याला ते पदक घरात ठेववले नाही.

बर्फातली पन्नास शंभर सेकंदे

आपल्याकडे हेलिकॉप्टरवाल्यांचे एक युद्ध १९८४ पासून चालू आहे. त्या वर्षी १३ एप्रिलला पहाटे चीता हेलिकॉप्टरांनी कॅप्टन संजय कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखालच्या जवानांना सियाचिनजवळच्या बिलाफोंड ला या खिंडीत उतरवले आणि 'ऑपरेशन मेघदूत' सुरू झाले. तेव्हापासून तिथली ठाणी जगतात ती बरीचशी हवेतून आलेल्या शिध्यावर आणि रॉकेलवर. वीस हजार फुटांवर हवा इतकी विरळ की हेलिकॉप्टरच्या पात्यांना धरायला काही सापडतच नाही. अगदी वरच्या ठाण्यांवर जाताना चीतामध्ये पंचवीसएक किलोचाच माल नेता येतो, म्हणजे रॉकेलचा एखादा डबा. त्यासाठी दोन वैमानिक आणि एक हेलिकॉप्टर पणाला लागते. खाली इंजिन बंद करायचे नाही, कारण बंद केलेले इंजिन त्या उंचीवर पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. मिनिटभरात डबा उतरवायचा, आजारी जवान असेल तर त्याला आत ओढायचे आणि कड्यावरून खाली झेपावायचे.

आपल्या भागाशी त्या बर्फाचे नाते आहे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी तिथल्या एका ठाण्यावर हिमकडा कोसळला आणि मद्रास रेजिमेंटचे दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातले सुनील सूर्यवंशी होते आणि धारवाड जिल्ह्यातले हणमंतप्पा कोप्पद. सहा दिवसांनी कोप्पद बर्फाखाली जिवंत सापडले आणि सारा देश श्वास रोखून बसला. हेलिकॉप्टरने त्यांना खाली आणले, पुढे दिल्लीला नेले. ११ फेब्रुवारीला त्यांनी प्राण सोडला. ते जाईपर्यंत घराघरांत प्रार्थना चालल्या होत्या. त्यांना त्या उंचीवरून उतरवणाऱ्या वैमानिकांचे नाव कुणी विचारले नाही, आणि त्यांनाही त्याचे काही वाटले नसावे. पण आणलेला माणूस वाचला नाही, हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच यंत्रात जाऊन बसताना त्यांच्या मनात काय आले असेल, हे विचारायला हवे होते.

याचे थोडे उत्तर मला एकदा रेल्वेत मिळाले. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला निघालो होतो. शेजारी एक निवृत्त गृहस्थ होते, नात्यातल्या लग्नाला सोलापुरास आलेले. कुर्डुवाडी येईपर्यंत ते तीनदा उठून उभे राहिले. पाठीचे दुखणे, म्हणाले. मग बोलता बोलता निघाले की त्यांनी हवाई दलात आयुष्यभर हेलिकॉप्टर चालवले. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय सतत कामात असतात, अंग एका बाजूला किंचित वाकलेले राहते आणि खालून अखंड थरथर. त्यामुळे कंबर आणि पाठ जायची, कान मंदावायचे, हे या पेशातले जवळजवळ ठरलेलेच. निवृत्तीनंतर त्यांनी काही वर्षे समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसे ने-आण केली, पुढे डोंगरातल्या यात्रेकरूंच्या फेऱ्या केल्या.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. जखमी माणूस नेहमी पाठीमागे असतो. वैमानिकाला वळून पाहता येत नाही. तो विव्हळतो ते इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही. तळावर उतरले की रुग्णवाहिका त्याला घेऊन जाते आणि वैमानिकाला दुसऱ्या फेरीचा हुकूम येतो. आपण आणलेल्यांपैकी कोण जगले आणि कोण गेले, हे त्यांना जवळजवळ कधीच कळले नाही. आयुष्यभर त्यांनी ज्यांच्यासाठी जीव धोक्यात घातला त्यांचे चेहरे त्यांनी पाहिलेले नव्हते. हे ते तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते. दौंड आले तेव्हा त्यांनी शांतपणे चहा मागवला. पण डॉक्टरला रोगी बरा झाल्याचे समाधान असते, शिक्षकाला विद्यार्थी भेटतो. या माणसाच्या वाट्याला कामाचा शेवटच येत नाही, हे तोवर माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

वाघा आणि नाशिक

आता अलीकडची, आपल्या महाराष्ट्रातली घटना. स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे हे नाशिकचे. वय तेहतीस. नाशिकशी हेलिकॉप्टरचे तसे जुने नाते. लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांना घडवणारी शाळा तिथे २००३ पासून आहे. मांडवगणे मात्र हवाई दलात होते आणि श्रीनगरला एमआय-१७ चालवत होते. पुलवामाच्या हल्ल्यानंतर २६ फेब्रुवारी २०१९ रोजी आपल्या विमानांनी बालाकोटवर हल्ला केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिस्तानी विमाने सीमेवर चालून आली. आकाशात चकमक उडाली. त्याच सुमारास, दहाच्या आसपास, बडगाम जिल्ह्यात एक एमआय-१७ कोसळले. स्क्वाड्रन लीडर सिद्धार्थ वशिष्ठ, मांडवगणे आणि त्यांचे चार सहकारी जागीच गेले. जमिनीवरचा एक स्थानिक तरुणही गेला.

त्या दिवशी देशाचे लक्ष विंग कमांडर अभिनंदन यांच्याकडे होते, आणि ते साहजिक होते. १ मार्चला अभिनंदन वाघा सीमेवरून परत आले. दिवसभर दूरचित्रवाणीवर ते फाटक दिसत होते. त्याच दिवशी नाशिकला गोदाकाठी मांडवगणे यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. नाशिककर हजारोंनी जमले होते. उरलेल्या महाराष्ट्राने मात्र ती बातमी वाघ्याच्या बातमीखाली वाचली. एक वैमानिक परत आला म्हणून पेढे वाटले जात होते, आणि ज्यांचे कामच माणसे परत आणणे ते परत आले नव्हते.

सुरुवातीला हा अपघात म्हणूनच सांगितला गेला. मग कुजबुज सुरू झाली. अखेर ४ ऑक्टोबर २०१९ रोजी हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी पत्रकार परिषदेत स्पष्ट सांगितले की ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले आणि ती आपली मोठी चूक होती. 'आपला की परका' हे रडारला सांगणारे उपकरण हेलिकॉप्टरवर बंद होते आणि जमिनीवरचे अधिकारी व हेलिकॉप्टर यांच्यातल्या संपर्कात गंभीर त्रुटी होत्या, असे चौकशीतून बाहेर आले. २०२३ साली लष्करी न्यायालयाने एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या बडतर्फीची शिफारस केली आणि प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेले.

युद्धाच्या धुमाळीत आपलीच गोळी आपल्याला लागणे नवे नाही. जगातल्या प्रत्येक सैन्याच्या इतिहासात अशी पाने आहेत. हवाई दलाच्या प्रमुखाने उघडपणे चूक कबूल केली, ही गोष्ट लहान नाही. पण कबुलीला सात महिने लागले आणि मधल्या काळात लोकसभेची निवडणूक होऊन गेली. त्या सात महिन्यांत सहा घरांतल्या माणसांनी काय उत्तर धरून ठेवले असेल? आपला मुलगा, आपला नवरा कशाने गेला, हे कळण्याचा पहिला हक्क कुणाचा? शौर्याच्या गोष्टी सांगताना आपण घाई करतो आणि चुकीच्या गोष्टी सांगताना मुहूर्त बघतो. आणि मग त्या चुकीत गेलेल्यांची गोष्टच सांगायची राहून जाते, कारण ती विजयातही बसत नाही आणि पराजयातही.

हेलिकॉप्टरवाल्यांच्या बाबतीत हे वारंवार घडते. कारगिलमध्ये २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगवर आपले एमआय-१७ क्षेपणास्त्राने पाडले. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन आणि त्यांचे दोन सहकारी त्यात गेले. २५ जून २०१३ रोजी उत्तराखंडच्या महापुरात अडकलेल्यांसाठी गौरीकुंडच्या बाजूने झेपावलेले एमआय-१७ कोसळले आणि वीस जण गेले. तेव्हा कुठलेही युद्ध नव्हते. अडकलेल्यांमध्ये आपल्या महाराष्ट्रातले यात्रेकरू होते आणि त्यांतले कितीतरी याच हेलिकॉप्टरांनी घरी पोहोचले. लढाऊ वैमानिकाचे युद्ध शस्त्रसंधीला थांबते. याचे थांबत नाही. पूर आला, कडा कोसळला, भूकंप झाला की पुन्हा तेच दरीत उतरणे, तीच दोरी, तेच यंत्र.

सोलापूर हे हुतात्म्यांना न विसरणारे गाव आहे. १९३१ च्या जानेवारीत फाशी गेलेल्या आपल्या चौघांची नावे इथल्या शाळकरी मुलाला सांगता येतात. पुण्याला जाणाऱ्या गाडीलाही आपण त्यांचेच नाव घेतले. आणि डॉ. कोटणीसांच्या रूपाने या गावाला एक गोष्ट इतरांपेक्षा आधी कळलेली आहे. युद्धात जाऊन एकही गोळी न झाडता माणूस मोठा होऊ शकतो, ही ती गोष्ट. म्हणून एक सुचवावेसे वाटते. दरवर्षी ९ डिसेंबरला कोटणीसांच्या स्मारकात कार्यक्रम होतो तेव्हा मुलांना मेघनेचीही गोष्ट सांगावी. विजेऱ्यांच्या उजेडात उतरणारी ती बोजड हेलिकॉप्टरे, सिल्हेटची दुसरी फेरी, सियाचिनचा रॉकेलचा डबा आणि बडगामची ती सकाळही, चुकीसकट सांगावी. मुले समजूतदार असतात. त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर परत आणलेल्यांचा एक रकाना आखून दिला, तर तो ती प्रामाणिकपणे भरतील.